मिरवणूक खेळाडूचीच का निघते?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाशी नाते सांगणारी तीन पत्रे आली, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक असून पंढरपूर तालुक्यात राहतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या एका मुलाने राज्य पातळीवरील कुस्ती स्पर्धेत पदक मिळवले. उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला, चौकाचौकांत फलक लागले. त्याच महिन्यात गावातल्या एका मुलीला ज्वारीवरील संशोधनासाठी पीएच. डी. मिळाली. तिच्या घरी पेढे घेऊन जाणारे आम्ही मोजकेच होतो. दोघेही माझेच विद्यार्थी, त्यामुळे कोणाबद्दलही आकस नाही. परंतु समाज नायक म्हणून खेळाडूचीच निवड का करतो, हा प्रश्न मनातून जात नाही.

उत्तर : सर, आपला प्रश्न अडीच हजार वर्षांचा आहे. प्राचीन अथेन्समध्ये ऑलिंपिक जिंकून आलेल्या खेळाडूला नगरराज्याच्या खर्चाने जेवू घातले जात असे. झेनोफनीज या कवी-तत्त्वज्ञाने त्याच काळात तक्रार केली होती की, माणसांच्या आणि घोड्यांच्या बळापेक्षा आपले ज्ञान श्रेष्ठ असूनही मान मात्र बळाला मिळतो, आणि कोणी मुष्टियुद्ध जिंकल्याने नगराचा कारभार सुधारत नाही की कोठारे भरत नाहीत. पुढे इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. दोषी ठरल्यावर त्याला स्वतःसाठी शिक्षा सुचवायला सांगितली, तेव्हा त्याने ऑलिंपिक विजेत्यांच्या त्याच पंगतीत आपल्याला जेवण मिळावे अशी मागणी केली. विजेता तुम्हाला सुखी असल्याचा भास देतो, मी तुम्हाला खरोखर सुखी करतो, असे त्याचे म्हणणे होते. न्यायसभेने त्याला विषाचा पेला दिला. तेव्हा आपल्या गावाने काही नवीन केले, असे मला वाटत नाही. आणि हे केवळ दूरचित्रवाणीने किंवा मोबाइलने लावलेले वेड आहे, हे सोपे उत्तरही पुरेसे नाही.

मला या मानाचे सर्वांत मोठे कारण असे दिसते की, खेळाडूचे श्रेष्ठत्व कोणाच्या शिफारशीशिवाय पटते. जत्रेतल्या कुस्तीच्या फडाकडे पाहा. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. आठ-दहा वर्षांची पोरे एकमेकांना भिडतात आणि पडणाराही रेवड्या खातच बाहेर येतो. मग जोडी चढत जाते, हलगीचा ताल बदलतो, इनामाची रक्कम पुकारली जाते. कडेने बसलेल्या माणसांत शेतकरी असतात, एस. टी.चे चालक असतात, चहाची गाडी बंद करून आलेले असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांनी तरुणपणी थोडी तरी लाल माती अंगाला लावलेली असते. पैलवानाने पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढला, की लोक पुढचा डाव आधीच ओळखतात. कुस्ती चितपट झाली, तर पंचांनी हात वर करण्याआधी मैदान उठून उभे राहते. विजेता कडेकडेने फिरतो आणि लोक खिशातून नोट काढून त्याच्या हातात ठेवतात. या माणसांना निकाल कोणी समजावून सांगावा लागत नाही. ज्वारीच्या वाणावर चार वर्षे काम करणाऱ्या मुलीचे श्रम कदाचित त्याहून अधिक असतील, पण ते प्रयोगशाळेत, प्रक्षेत्रावर आणि प्रबंधाच्या पानांत झालेले असतात, आणि ते किती मोलाचे आहेत हे सांगायला दुसरा तज्ज्ञ लागतो.

याच फडात या मानाची उलट परीक्षाही पाहायला मिळते. दोन्ही पैलवानांनी आधीच ठरवून लढलेल्या कुस्तीला आपल्याकडे नूरा कुस्ती म्हणतात. ती ओळखू आली की मैदान चिडते, वस्ताद मान खाली घालतात आणि त्या पैलवानांना पुढल्या जत्रेत बोलावण्याआधी पंच दोनदा विचार करतात. हरलेल्याला लोक माफ करतात, त्याच्याही हातावर काहीतरी ठेवतात. पण खोटे लढणाऱ्याला करत नाहीत. त्याअर्थी लोकांचा आदर केवळ जिंकण्यासाठी नसून खऱ्या लढण्यासाठी आहे. परीक्षेपासून नोकरीपर्यंत जिथे तिथे वशिला, ओळख आणि पैसा आड येतो असा ज्यांचा रोजचा अनुभव आहे, त्यांना डोळ्यांदेखत, मोकळ्या मैदानात, कोणाला मॅनेज न करता लागलेला निकाल किती हवाहवासा वाटत असेल, याची कल्पना आपल्याला एक शिक्षक म्हणून सहज येईल.

दुसरे कारण आपलेपणाचे आहे. पैलवान एकटा लढत असला तरी पुकारा त्याच्या गावाचा आणि तालमीचा होतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रात चांगला मल्ल ही गावाची मालमत्ता मानली गेली. गावे आपल्या पोराच्या खुराकासाठी वर्गणी काढत आली. ज्याच्या दुधा-तुपात आपला वाटा आहे, त्याच्या विजयातही आपला वाटा आहे, असे माणसांना वाटणे साहजिक आहे. संशोधक मुलीच्या यशात गावाला असा वाटा दिसत नाही. तो नसतो असे नाही. गावच्या शाळेने, आपल्यासारख्या शिक्षकांनी तो दिलेलाच असतो. पण कोणी तो बोलून दाखवत नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या ठिकाणी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नायक घडवण्यातले सर्व चांगले आणि सर्व उणे त्या एका आयुष्यात सापडते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. त्यापूर्वी तो मातीत खेळलेला होता; गादीवरची आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती त्याला नवीन होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, तेव्हा प्रवासाचा खर्च हीच मोठी अडचण होती. गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, तरी रक्कम अपुरी पडत होती. त्या वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशांत खाशाबा हेलसिंकीला पोहोचले आणि बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. स्वातंत्र्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या त्या वाटेला कित्येक तास लागले, असे जुने लोक सांगत आले आहेत. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले.

यापुढची हकिगत बैलगाड्यांइतकी सांगितली जात नाही. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि बढतीसाठी त्यांना फार वाट पाहावी लागली. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव लागले २०१० मध्ये. आपल्याच मातीतले मुरलीकांत पेटकर यांनाही असेच थांबावे लागले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले, आणि पद्मश्रीसाठी त्यांचे नाव आले ते २०१८ मध्ये.

म्हणून माझे मत असे की, समाज खेळाडूला नायक मानतो यात चूक नाही. चूक आहे ती हा मान ज्या घटकेला दिला जातो त्या घटकेची. आपण निकालाला हार घालतो. पदक गळ्यात पडले की फलक लागतात, आणि त्याच्या आधीची दहा वर्षे त्या मुलाच्या घरच्यांनी कोणाकडून उसने घेऊन काढली, हे विचारायला कोणी जात नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा महाराष्ट्राला खाशाबांनंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काम करणाऱ्या त्या नेमबाजाला पदकानंतर लगेच बढती मिळाली आणि राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले. हे योग्यच झाले. परंतु नेमबाजीत रायफल आणि काडतुसे यांचा खर्च सामान्य घराला पेलणारा नसतो, आणि तो खर्च पदकाच्या आधीच करावा लागतो. स्वप्नीलला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला होता, शिक्षक वडिलांनी कर्ज काढून साथ दिली होती. या दोन्ही गोष्टी पदक दिसत नसतानाच्या आहेत, आणि माझ्या लेखी मिरवणुकीपेक्षा त्यांची किंमत मोठी आहे. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले तेव्हा खाशाबा पदक आणतील, याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते.

आता आपल्या विद्यार्थिनीविषयी. पैलवानाची मिरवणूक लहान केल्याने तिचा मान वाढणार नाही. तिचे काम गावाला दिसेल, अशी व्यवस्था मात्र करता येईल, आणि ती आपणच करू शकता. तिचा विषय ज्वारी आहे आणि पंढरपूर-मंगळवेढा हा ज्वारीचाच मुलूख आहे. तिला ग्रामसभेत बोलवा. पण शाल-श्रीफळ देऊन बसवून ठेवू नका, आपल्या शिवारातल्या ज्वारीबद्दल तिला काय कळले ते शेतकऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगू द्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. ज्या माणसांना कुस्तीतला पट कळतो, त्यांना कणसाचे वजन आणि कडब्याची प्रतही कळते. त्या सभेला तो पदकविजेता मुलगा पुढच्या रांगेत येऊन बसला, तर फारच चांगले होईल.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा एका क्रिकेटपटूला अक्षरशः देव मानतो. त्याच्यासारखे केस, त्याच्या जाहिरातीतले पेय, त्याच्याविरुद्ध कोणी बोलले की घरात भांडण. आम्ही नाशिकला राहतो. संघाची मुंबईत मिरवणूक निघाली तर तिथे जाण्याचा त्याचा हट्ट असतो. हे वेड मोडून काढावे का?

उत्तर : ताई, मोडून काढू नका. या वयात कोणाला तरी मोठे मानण्याची ओढ चांगलीच असते, आणि रोज पहाटे नेटमध्ये तीनशे चेंडू खेळणाऱ्या माणसाला मोठे मानणे हे पुष्कळ इतरांना मोठे मानण्यापेक्षा बरे. फक्त तो कशासाठी मोठा आहे, हे मुलाला नेमके सांगत राहा. त्याचा कव्हर ड्राइव्ह मोठा आहे. तो विकत असलेले पेय त्यामुळे पौष्टिक होत नाही, आणि राजकारणापासून औषधापर्यंत कोणत्याही विषयावरचे त्याचे मत इतर कोणाही नागरिकाच्या मताइतकेच वजनाचे असते. सचिन तेंडुलकरने वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखू आणि मद्याच्या जाहिराती नाकारल्या, हे त्याला अवश्य सांगा. त्यातून जाहिरात हा एक निवडीचा व्यवहार असतो आणि ती निवड तपासून पाहायची असते, हे तेराव्या वर्षी समजू शकते.

मिरवणुकीला मात्र पाठवू नका, निदान एकट्याला किंवा मित्रांबरोबर तरी नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजेत्यांना पाहायला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक तरुण होते. घरात बसून सामना पाहावा, किंवा नाशिकच्याच एखाद्या मैदानावर स्थानिक सामना पाहायला त्याला घेऊन जावे. तिथे सीमारेषेपासून चार हातांवर उभे राहून वेगवान चेंडूचा आवाज ऐकता येतो, आणि खेळाडू बाद झाल्यावर कसा परततो तेही दिसते.

प्रश्न : मी माण तालुक्यातली धावपटू आहे, वय वीस. दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत पदक मिळाले तेव्हा गावाने फेटा बांधून मला सगळीकडे नेले. गेल्या वर्षी गुडघा दुखावला आणि मी अंतिम फेरीतही पोहोचले नाही. तेव्हापासून तीच माणसे रस्त्यात भेटली तर दुसरीकडे पाहतात. आता पुन्हा निवड झाली आहे आणि गावातल्या मंडळाला माझा सत्कार करायचा आहे. मी जावे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले आणि रागही आला. तुम्ही एकट्या नाही, म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो.

१९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. दोन्ही देशांत हे प्रथमच घडत होते. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. देश आनंदाने वेडा झाला. इंदूरमध्ये तर या संघाच्या सन्मानार्थ एक भली मोठी बॅट उभारण्यात आली. तीनच वर्षांनी, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात, लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० अशी गेली. त्याच बॅटला लोकांनी डांबर फासले, आणि मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. वाडेकरांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या दौऱ्याबरोबर संपली. विजयात ‘आम्ही जिंकलो’ म्हणणारी माणसे पराभवात ‘ते हरले’ म्हणतात. त्यांनी विजयातला वाटा स्वतःहून घेतलेला असतो आणि पराभवातला वाटा नाकारण्याचा हक्कही ती स्वतःकडेच ठेवतात. खेळाडूला नायक मानण्यातला हा सर्वांत क्रूर भाग आहे, आणि तो वीस वर्षांच्या मुलीने गावच्या रस्त्यावर सोसावा, हे मला मुळीच मान्य नाही.

तरी समाज केवळ पदकच मोजतो, असेही मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. मिल्खा सिंग १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये चौथे आले. पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकल्या. या दोघांच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक कधीच पडले नाही, आणि तरी भारतात धावणे म्हटले की आजही हीच नावे आधी ओठांवर येतात. तुमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचल्या. उषांनंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत एखादी भारतीय धाविका दिसत होती. त्या दहाव्या आल्या. माणमधल्या कोणत्याही शाळेत त्या दहाव्या क्रमांकाची आठवण अभिमानाने सांगितली जाते, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. लोकांना शर्यत कळली, धावणाऱ्याची वाट कळली, की क्रमांकापलीकडेही माणूस दिसतो. तुमच्या गावाला तुमचे पदक कळले होते. गुडघा कळला नाही, फिजिओथेरपीचे महिने कळले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून वेग बांधणे म्हणजे काय ते कळले नाही. त्यांनी तोंड फिरवले यात त्यांचा दोष आहेच, पण यांतले काही त्यांना कोणी सांगितलेलेही नाही.

माझे मत विचाराल तर सत्काराला जा आणि तिथे बोला. गोड बोलून परतू नका. गेल्या वर्षी काय झाले, कोणती दुखापत होती, उपचाराला किती खर्च आला आणि तो कोणी केला, हे साध्या शब्दांत सांगा. कोणाचे नाव घेण्याची किंवा टोमणा मारण्याची गरज नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. पुढच्या स्पर्धेत पदक मिळेलच असे आश्वासन मात्र चुकूनही देऊ नका. मंडळी ते मागतील, व्यासपीठावरून बोलूनही दाखवतील. धावण्यात असा शब्द कोणालाच देता येत नाही.

आणि सत्काराचा खर्च किती, हे मंडळाला आधीच विचारा. फेटे, हार, फलक, ध्वनिक्षेपक आणि जेवण मिळून तो बराच होतो. तुम्ही पत्रात लिहिले आहे की, शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात चिखल होत असल्याने तुम्हाला आणि तुमच्या मागून येणाऱ्या मुलींना डांबरी रस्त्यावर सराव करावा लागतो. कडक डांबरावर रोज धावणे दुखऱ्या गुडघ्याला चांगले नाही. तेव्हा या वेळी एकच हार घ्या आणि उरलेल्या रकमेत मैदानाच्या कडेने पाणी काढून देणारी चर आणि मुरुमाचा थर टाकून द्या, अशी विनंती लेखी करा. एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक मुख्याध्यापकांना द्या. मुरूम जूनच्या आधी पडला पाहिजे, म्हणून पत्र या आठवड्यातच जाऊ द्या.